मालगुजाराची लाल गाडी

कोणी गाडीबद्दल काही विचारलं की बाई आधी पदर कमरेला खोचायच्या आणि मग म्हणायच्या, "कोनं देली नाही. मी घेतली." समोरच्यानं नुसतं "गाडी छान आहे हो" म्हटलं असलं तरी उत्तर हेच.

तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. साठ-एकसष्टचं बालाघाट. रस्त्यावर सायकली, रिक्शे, धानाचे ट्रक, साहेबलोकांच्या दोन-चार जीपा. आणि त्यांच्यामधून पांढऱ्या साडीतली, चष्मा लावलेली, पस्तिशीची एक नर्स उघड्या टपाची, दोनच माणसांची लाल विलायती गाडी हाकत चाललेली. गाडी तीसेक वर्षांची जुनी, शर्यतीच्या घाटाची. लांब नाक, बुटकी बैठक. उभी असली तरी धावते आहे असं वाटायचं.

मी तेव्हा भंडाऱ्याहून नव्यानं नोकरीला आले होते. बाळंतिणींच्या वॉर्डात बाई माझ्या वरिष्ठ आणि क्वार्टरात शेजारीण. गाव त्यांचं रामपायलीकडचं. घरानं दीक्षा घेतल्याला चार-पाच वर्षं झाली होती. खोलीत बुद्धाची तसबीर, खाट, स्टोव्ह, आणखी काही नाही. अशी साधी बाई एक दिवस मला म्हणाली, "ड्यूटी झाली का माह्यासंग चाल. गाडी घ्याले जाचं आहे."

मला वाटलं, सायकल.

गेलो ते त्यांच्या गावच्या मालगुजाराच्या मुलाकडे. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, संपली होती, म्हातारा वारला होता, मुलगा शहरात राहायला आला होता. अंगणात चिंचेखाली, ताडपत्रीखाली ती गाडी होती. ती विकायची आहे हे बाईंच्या कानावर आलं होतं.

"कोनासाठी पाह्यजे? डॉक्टरसाहेबाले?" त्यानं विचारलं.

"मले."

तो हसला आणि त्यानं बाई आल्या पावली परत जातील अशी किंमत सांगितली.

"चालते," बाई म्हणाल्या.

त्यांनी फंडातून उचल घेतली, पगारातून केलेल्या बांगड्या मोडल्या. महिन्याभरानं आम्ही पुन्हा त्या अंगणात उभ्या राहिलो. बाईंनी रुमालातून नोटा काढून हात पुढे केला.

"ठेवा तिथं ओट्यावर," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. त्यांच्या घरात बाईंच्या लोकांशी तसंच बोलायची वहिवाट होती, एवढंच.

"हातात घ्या, दादा."

"ठेवा नं बाई. उचलतो मी."

"हातात घ्या."

आतून चहा आला, कपात साय धरली, तरी बाईंचा हात पुढेच. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. कितीतरी वेळानं तो उठला आणि त्यानं नोटा घेतल्या. त्याची बोटं बाईंच्या बोटांना लागली. त्यानं मोजल्यासुद्धा नाहीत, तशाच खिशात घातल्या आणि किल्ली आणायला आत गेला. बाईंनी मग पदरानं कपाळ पुसलं.

गाडी चालवायला त्यांना एका राइस मिलच्या ट्रकवाल्यानं शिकवलं. "बहनजी, क्लच है, पायदान नहीं," तो ओरडायचा. बाई म्हणायच्या, "हौ, समजलं," आणि गाडी कोंबड्यांमध्ये घालायच्या. एकदा भर कचेरीसमोर ती बंद पडली. काळे कोट घातलेले वकील हसत-हसत ढकलायला लागले. बाई स्टिअरिंग धरून ताठ बसलेल्या. त्या मात्र हसत नव्हत्या.

त्या का हसल्या नाहीत ते मला पुढे कळलं. संध्याकाळी क्वार्टरासमोर गाडी उभी करून त्या तीत नुसत्या बसून राहायच्या. चालकाच्या जागी नाही, शेजारच्या जागी. मी एकदा त्या रिकाम्या जागेवर बसायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"तिथं नको. तिथं माहा भाऊ बसला होता."

भाऊ सोळा वर्षांचा, बाई पाचच्या. तो मालगुजाराचं अंगण झाडायचा. धानाच्या बांधीतल्या चिखलात गाडी फसली की त्याला ढकलायला बोलवायचे. त्यानं ढकललेलं चालायचं, आत बसलेलं नाही. एका दुपारी अंगणात कोणी नाही असं पाहून तो आत बसला आणि त्यानं स्टिअरिंग धरलं. गड्यांनी त्याला ओढून काढलं आणि आईसमोर मारलं. तो उठला आणि गोंदियाच्या रस्त्यानं चालायला लागला. राजेगावपर्यंत तो लोकांना दिसला. त्यानंतर कोणालाच नाही.

"पण बाई, मग हीच गाडी काहून घेतली?" मी विचारलं.

"मी पाच वर्साची होती. माहं तोंड तो काय वळखन? गाडी वळखन."

म्हणून त्या दर रविवारी राजेगावला जायच्या. आता तिथं दोन राज्यांची सीमा झाली होती. नाक्यावर बसा थांबत. बाई गाडी रस्त्याला आडवी दिसेल अशी लावायच्या आणि उतरणारी माणसं पाहत बसायच्या. मीही पुष्कळदा बरोबर गेले. चारेक वर्षं असंच चाललं.

एका रविवारी गोंदियाच्या बसमधून एक माणूस उतरला. केस पिकलेले, खांद्यावर पिशवी. चहाच्या टपरीकडे वळताना त्याला गाडी दिसली आणि तो जागीच थबकला. मग त्याचा एक हात आपोआप वर गेला, डोक्यावर, मार चुकवताना जातो तसा.

बाई दार उघडून धावल्या. "दादा! ओ दादा!"

त्यानं वळून पाहिलं नाही. सुटायला लागलेल्या त्याच बसचा दांडा धरून तो वर चढला. बाई धुळीत थोडं धावल्या आणि थांबल्या.

तो त्यांचा भाऊच होता, हे मी शपथेवर सांगणार नाही. मला फक्त तो वर गेलेला हात दिसला. गाडीत येऊन बसल्यावर बाईंनी चष्म्यावरची धूळ पुसली. मग म्हणाल्या, "गाडी पाहून पळाला वं तो. मले तं त्यानं पाह्यलंच नाही."

त्यानंतर त्यांनी गाडी चालवली नाही. नागपूरच्या एका शौकीन माणसानं ती निम्म्याहून कमी किमतीत नेली, बाईंनी घासाघीसही केली नाही. स्वतः त्यांनी राजेगावकडे बदली मागून घेतली. मोठ्या दवाखान्यातून कोणी असं खेड्यात जात नाही. साहेबांनी कारण विचारलं तर म्हणाल्या, "तिकडं माणसं आहेत माही."

सत्तरनंतर कधीतरी मी बसनं गोंदियाला निघाले होते. राजेगावच्या नाक्यावर चहासाठी सगळे उतरायला लागले. टपरीजवळच्या बाकावर बाई बसल्या होत्या. केस पांढरे झालेले. ऊन असूनही डोक्यावर पदर नव्हता, चष्माही काढून हातात धरलेला. सगळा चेहरा उघडा, उतरणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा.

मी हसले. त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे नीट पाहिलं, आणि मग माझ्या मागून उतरणाऱ्या माणसाकडे पाहिलं.