पुढच्या दाराने

आमच्या गास गावात सत्यवतीला बोलावणं गेलं की घरातली माणसं हळू बोलू लागायची. ती यायची मागच्या दाराने, केळीच्या वाफ्यांतून, चपला हातात घेऊन. रस्त्यावरच्यांना कळू नये म्हणून. जग सोडून जाणाऱ्या माणसाच्या पायाशी बसायची, त्याचे तळवे आपल्या हातांत धरून ठेवायची. ओल्या कापसाने ओठ टिपायची. रडणाऱ्या लेकीला म्हणायची, "बोलायचं ऱ्हायलंय ते बोल बाय, त्याला आयकू येतं." जागून थकलेल्या सुनेला झोपायला धाडायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिचा नवरा गेला तेव्हा जवळ बसायला कुणी धजलं नाही. ती एकटी बसली, आणि बसायला शिकली.

गावाने तिला मान दिला आणि उंबऱ्याबाहेर ठेवलं. एकदा ती एका घरी सहज विळा मागायला गेली होती. ओटीवर तापाने पडलेल्या म्हाताऱ्याने तिला पाहिलं, भिंतीकडे तोंड केलं आणि अन्नपाणी सोडलं. ताप साधा होता, पण म्हातारा उठला नाही. तेव्हापासून बोलावल्याशिवाय ती कुणाच्या दारात गेली नाही, आणि तिच्याकडे तर कुणी येतच नसे. तिच्या फळीवरच्या दुसऱ्या कपावर धूळ असायची.

एक जुलियाना तेवढी तिची होती. दोघींच्या घरांमध्ये एक बावखल, केळीला पाणी देणारं जुनं तळं. या काठाला सत्यवती भांडी घासायची, त्या काठाला जुलियाना, आणि पाण्यावरून गप्पा चालायच्या.

नालासोपाऱ्याच्या नव्या इमारतींसाठी गावातलं पाणी उपसायला टँकर फिरू लागले, त्या वर्षी जुलियानाला मुंबईच्या इस्पितळातून उपाय थकले म्हणून घरी पाठवलं. पलीकडचा काठ रिकामा झाला. सत्यवती घासलेलीच भांडी पुन्हा घासत तिकडे बघत बसायची. जायचं तर होतं. पण ती उंबरा चढली असती तर जुलियानाला काय कळलं असतं? जुलियानाचा मुलगा पास्कल दुकानात भेटला की खाली बघायचा. तिला बोलावणं म्हणजे आईची आशा सोडणं.

एका दुपारी सत्यवतीच्या अंगणात रिक्षा थांबली. पास्कलने आईला उचलून ओट्यावर बसवलं.

"किती वाट बगायची गो तुजी?" जुलियाना म्हणाली.

"मी कशी येऊ? मी आली तर..."

"तर मी मरन. मरनारच हाय. तू उगाच मोठेपना घेऊ नको."

पास्कल रिक्षाकडे जाऊन उभा राहिला. सत्यवती हसली, आत गेली, आणि कप धुवायला तिला बराच वेळ लागला.

चहा घेता घेता जुलियाना म्हणाली, "उद्यापासून माज्याकडं ये. रोज ये. पुढच्या दारान, चपला वाजवत. रोज आलीस तर कळनार नाय, कुठल्या दिवशी कशाला आलीस. माला बी कळनार नाय."

सत्यवती गेली. पहिल्या दिवशी शेजारणीने कपाळाला, छातीला हात लावून क्रूस केला. पुढे लोकांना सवय झाली. दोघी वाल सोलायच्या, भांडायच्या, कोण कोणाशी बोलत नाही ते बोलायच्या. संध्याकाळी घरात रोझरीची प्रार्थना सुरू झाली की सत्यवती उशाशी गप्प बसून राहायची.

थंडी सरता सरता एके सकाळी ती चपला वाजवत आली. आदल्या दिवशी फादर शेवटचं तेल लावून गेले होते. तिने जुलियानाचा चेहरा पाहिला, उशाजवळचं स्टूल उचललं आणि पायाशी नेऊन ठेवलं.

जुलियानाने डोळे किलकिले केले. "आज तिकडं बसलीस?"

"उशाकडं ऊन येतं गो."

"बरं," जुलियाना म्हणाली, आणि पाय तिच्या हातांत सैल सोडून दिले.

जुलियानाच्या मातीवरून परतताना पास्कल म्हणाला, "मावशी, येत जा."

काही दिवसांनी ती पास्कलकडे निघाली. चपला वाजवत बावखलाला वळसा घातला. ओट्यावर पास्कलची मुलगी खेळत होती, जरा खोकत होती. सून कॅथरिन लगबगीने बाहेर आली, सत्यवतीकडे बघून कसनुसं हसली आणि मुलीला उचलून आत घेऊन गेली.

सत्यवती थोडा वेळ उभी राहिली. मग तिने चपला काढून हातात घेतल्या आणि केळीतून घरी गेली.