गुरुजींच्या साठीचं जेवण

हे मी आजवर कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. बायकोच्या नाही, भावाच्या नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा एवढं सोडून बाकीचं सगळं पुटपुटत आलो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्यापैकी कुणाला ओळखत नाही, एवढंच कारण असेल बहुधा.

गोष्ट ऐकायला अगदी किरकोळ आहे. वाढदिवसाचं जेवण कुठे घालायचं, एवढाच प्रश्न होता.

आंबवड्याच्या शाळेत ज्यांनी आम्हाला शिकवलं ते गुरुजी साठ वर्षांचे झाले. बायको तरुणपणीच गेलेली, मूलबाळ नाही. आम्ही सात जुने विद्यार्थी, त्यातले सहा जण त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, साठीची शांत करू. गुरुजी हसले. "शांत त्याची करतात जो अशांत असतो. मला काय झालंय? त्यापेक्षा एकदा सगळ्यांबरोबर जेवू." घरी रांधणारं कुणी नव्हतं, म्हणून बाहेरच कुठेतरी, हॉटेलात नाहीतर खानावळीत जेवायचं ठरलं. गुरुजींनी एकच अट घातली. "काय खाऊ घालाल ते घाला, मला दात नाहीत. पण पंगत एकच हवी. माझी सातही पोरं एका ओळीत बसली पाहिजेत."

सातही— हे त्यांनी का म्हटलं ते आम्हाला सगळ्यांना कळलं होतं. आमच्यातला सातवा होता सखाराम, आंबवड्याच्या महारवाड्यातला.

शाळेत पहिली दोन वर्षं सखाराम ओसरीवर बसायचा, दाराच्या बाहेर. एके दिवशी गुरुजींनी त्याला हाताला धरून आत आणलं आणि पहिल्या ओळीत बसवलं. गावानं आपापली मुलं काढून घेतली— माझ्या वडिलांनीही मला महिनाभर घरी ठेवलं. त्या महिन्यात गुरुजी रिकाम्या शाळेत एकट्या सखारामला शिकवत होते. आम्ही परत गेलो तेव्हा तो आमच्या पुष्कळ पुढे गेलेला होता, आणि पुढेच राहिला. माझं अक्षर गुरुजींनी पाहिलं की म्हणायचे, "बरं आहे, बापू. पण सखारामचं बघ जरा." हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल? मोजलं नाही, पण विसरलोही नाही.

पुढे तो गुंजवण्याच्या बाजूला एका वस्तीवर मास्तर झाला, मी भोरला संस्थानच्या कचेरीत कारकून. बाजारात भेटला की "बापूराव, तुमी" म्हणायचा. शाळेत "बाप्या" म्हणायचा. त्यानं "तुमी" म्हटलं की मला बरं वाटायचं— तेही सांगून टाकतो.

तर जागा ठरवायचं काम माझ्याकडे आलं. मी भोरचा, चार ठिकाणी जेवणारा, म्हणून. मी कापूरहोळला गेलो. तिथे मोटारी थांबतात त्या फाट्यावर एका भाईचं हॉटेल होतं. पत्र्याचं छप्पर, बाकडी, भजी आणि रस्सा. मी आडून आडून विचारलं तर भाई म्हणाला, "साहेब, हितं मोटारीतनं कोन उतरतं त्ये मी कुठं इचारत बसू? बसला त्यो गिऱ्हाईक." झालं. रविवारी दुपारी, आठ माणसं. सखाराम त्या आठवड्यात भोरला आला होता, त्याला मी तोंडीच सांगितलं. तो इतका खूश झाला की माझा हातच धरला त्यानं. मग एकदम सोडला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. इथेच थांबलो असतो तर— पण थांबलो नाही.

दोन दिवसांनी मी भोरला बायजाबाईंच्या खानावळीत जेवत होतो. बायजाबाई विधवा बाई, हात सढळ, त्यांच्या पुरणपोळीचं नाव सगळ्या कचेरीत. मनात आलं, गुरुजींना ही पोळी घातली पाहिजे. दात नसलेल्या माणसाला रस्सा-भजी काय कामाची? शिवाय आंबवड्याहून भोर जवळ, कापूरहोळपर्यंत म्हाताऱ्या माणसाला मोटारीत कशाला हाडं खिळखिळी करायला लावायची? बघा, कारणं कशी पटापट सुचली. कारकून माणूस मी, हव्या त्या गोष्टीला कारण जोडून देणं हाच माझा धंदा.

बायजाबाईंना मी विचारलं. सखारामचं नाव नाही घेतलं, जात सांगितली. त्यांनी पोळी उलथली आणि म्हणाल्या, "उंबऱ्याच्या आत न्हाई यायचं, बाबा. म्या एकटी बाई, उद्या माज्याकडं कोन जेवायला यील? भाईर पान मांडीन, पोटभर वाढीन." त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी सरळ सांगितलं होतं. मी ते ऐकलं आणि तीच खानावळ पक्की केली.

बाकीच्या पाच जणांना बाजारच्या दिवशी सांगितलं, जागा बदलली. त्यांच्यातल्या मारुतीनं फक्त विचारलं, "आन् सखाराम?" मी म्हणालो, "त्याला कार्ड टाकतो." मारुती बैल बघायला निघून गेला. बाकीचे तर सुटल्यासारखे दिसले.

कार्ड मी टाकलं नाही.

इतकी वर्षं मी स्वतःला काय सांगत आलो, ठाऊक आहे? की सखारामची मानहानी टाळली. साठी गुरुजींची आणि तो उंबऱ्याबाहेर पत्रावळ घेऊन बसलाय, हे त्याला सोसलं नसतं, गुरुजींना सोसलं नसतं. म्हणून कळवलं नाही— त्याच्याच भल्यासाठी! हे मी इतक्यांदा घोकलं की खरं वाटायला लागलं होतं. पण मग कापूरहोळ काय वाईट होतं? तिथे उंबराच नव्हता. पुरणपोळीसाठी जागा बदलली आणि त्यामुळे सखाराम राहून गेला, असं झालेलं नाही. सखाराम राहून जावा म्हणूनच मी जागा बदलली. तो असता तर गुरुजींनी त्याला शेजारी बसवलं असतं, सगळ्यांदेखत, आणि मी कुठेतरी चौथ्या-पाचव्या पानावर असतो. मला गुरुजींच्या शेजारचं पान हवं होतं. पस्तिशीला आलेला, दोन मुलांचा बाप होतो मी, आणि मला एवढंच हवं होतं.

मिळालं ते मला. रविवारी गुरुजी आले, धुतलेलं उपरणं घालून. उंबऱ्यापाशी थांबले. "बापू, इथं सखाराम चालेल ना?" मी म्हणालो, "विचारलंय, गुरुजी." खोटं नव्हतं ते— विचारलं होतंच की! आत जाऊन बसले. बायजाबाईंनी पानं वाढली. गुरुजींनी पानाला हात लावला नाही, दाराकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "त्याला कळवलंस ना? पंगत एकच आहे म्हणून कळवलंस ना?"

"हो. कार्ड टाकलं होतं. उद्या शाळा तपासायला साहेब येणार आहेत, जमणार नाही म्हणाला."

एका दमात, न अडखळता बोललो. समोर मारुती मान खाली घालून भात कालवत होता. गुरुजी एवढंच म्हणाले, "मोठा झाला. कामं असतात." आणि जेवले. पोळी त्यांना आवडली. उठताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "एका ओळीत बसवलंस सगळ्यांना. बरं वाटलं." मी काय केलं असेल? वाकून नमस्कार केला.

पंधरा दिवसांनी कामानिमित्त मोटारीनं जाताना कापूरहोळला उतरलो. भाईनं ओळखलं. "साहेब, त्या रविवारी तुमचा एक मानूस आला व्हता. मास्तर." सखाराम पहाटेच वस्तीवरून निघून चार-पाच कोस चालत आला होता. येताच त्यानं भाईकडून फडकं मागून घेतलं, दोन बाकडी एकापुढे एक लावली, पुसली. आठ पेले स्वतः विसळून ठेवले. मग बाहेर झाडाखाली जाऊन उभा राहिला, प्रत्येक मोटार बघायला. भाईनं दोनदा जेवायला म्हटलं तर म्हणाला, गुरुजी आल्याबिगर कसा जेवू? शेवटची मोटार गेल्यावर त्यानं बाकडी होती तशी परत लावली आणि निघाला. हे ऐकताना मला लाज वाटली. पण लाजेपेक्षा जास्त भीती वाटली, हे गुरुजींच्या कानावर जाईल का याची. माणूस किती हलका असतो!

आणि तरीही— एवढंच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो.

महिन्याभरानं सखाराम मला भोरला भेटला, नदीच्या पुलावर. भर दुपारी, माणसांची ये-जा चालू. मी नजर चुकवून जाणार होतो, तोच पुढे आला. रागावला नाही. आवाजसुद्धा चढवला नाही.

"बापूराव, जेवान भोरला झालं म्हनं. मला कळलं. बायजाबाईंच्यात मला घेत न्हाईत त्येबी ठावं हाय मला. येकच इचारतो. जागा कुणी ठरवली? गुरुजींनी?"

मला एक शब्द बोलायचा होता. "मी." एवढाच. तो काय करणार होता मला? कचेरीतल्या कारकुनाला वस्तीवरचा मास्तर काय करणार?

मी म्हणालो, "हो. गुरुजींनीच."

सखारामनं नजर पाण्याकडे वळवली. मग हळूच म्हणाला, "मंग असू द्या. त्येंचं वय झालं. आजवर माज्यापायी लई सोसलं त्येंनी. आता नगं म्हनले आसतील तर बरुबर हाय त्येंचं. त्येंना सांगू नगा म्या इचारलं म्हून." त्यानं मला नमस्कार केला आणि वेल्ह्याच्या रस्त्याला लागला. आंबवड्याला गुरुजींच्या दारात तो पुन्हा कधी गेला नाही. त्यांना अवघड वाटू नये म्हणून.

गुरुजी त्यानंतर तीन वर्षं होते. मी दर सणाला जायचो. शेजारीच बसायचो. प्रत्येक वेळी विचारायचे, "सखाराम भेटतो का रे?" मी म्हणायचो, कामात असतो. "असू दे," म्हणायचे, "आपल्याला विसरला तरी चालेल, शाळा नीट चालवतोय ना?" शेवटच्या आजारातही त्यांनी त्याला बोलावणं पाठवलं नाही. नको असेल त्याला, म्हणाले. सखाराम गेल्या पावसाळ्यात तापानं गेला.

गुरुजींनी त्याला माफ केलं होतं, त्यानं गुरुजींना. दोघांपैकी कुणीही काही केलेलं नव्हतं. मला मात्र दोघांनीही कधी माफ केलं नाही, कारण मी केलं हे मी त्यांना कळूच दिलं नाही.