सुमनबाईंचा सत्कार

सुमनबाईंच्या गळ्यात झेंडूचा हार असलेला तो फोटो मी काढला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना मला भला माणूस समजायची चूक कोणी करणार नाही.

अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत सुमनबाई चौदा वर्षं खिचडी शिजवत होत्या. वय साठीच्या पुढं, गुडघे गेलेले, नवरा व्यंकटराव वारलेला, मुलगी महामाया नांदेडला नोकरीला. राहायला भीमनगरात. सुरुवातीला गावातल्या चार घरांनी आपल्या पोरांना त्यांच्या हातचं खाऊ दिलं नाही. पोरं आठवडाभर वास घेत बसली आणि मग घरी न सांगता ताट घेऊन रांगेत आली. बाईंनी त्यांना जरा जास्तच वाढलं.

मी वर्गात कुणाला छडीनं बडवत असलो की त्या हातात पळी घेऊन दाराशी येऊन उभ्या राहायच्या. बोलायच्या नाहीत. मी थांबलो की चुलीकडं परत. एकदा चिडून विचारलं, तुमचं काय जातं? म्हणाल्या, "मारून पाढे आले असते गुरुजी, तर आमचे मालक कलेक्टर झाले असते. लई मार खाल्लाय त्यांनी." मी हसलो. छडी काही सोडली नाही.

मग गावात सरकारी संडासांची योजना आली. यादीत सुमनबाईंचं नाव होतं. गुत्तेदारानं भीमनगरात तीन घरांमागं एक संडास बांधला आणि तिघांचेही फोटो त्याच एका संडासापुढं काढून घेतले. हातात पाटी, पाटीवर नाव. पाटी शाळेची, फोटो काढणारा मी, कारण शिकवणं सोडून गावातलं सगळं सरकारी काम मास्तरानंच करायचं असतं. "तुमचा पुढच्या आठवड्यात बांधू," असं ग्रामसेवक बाईंना म्हणाले. त्यांनी कागदावर सही केली. सही करायला मीच शिकवलं होतं, म्हणून त्यांनी ती मोठ्या हौसेनं, सावकाश केली. तो पुढचा आठवडा अजून यायचाय. ज्या शेजाऱ्याच्या दारात तो एक संडास उभा राहिला, त्यानं त्याला कुलूप लावलं.

दोन वर्षांनी वरून हुकूम आला. अमुक तारखेच्या आत गाव हागणदारीमुक्त झालं पाहिजे. त्यासाठी पहाटेचं पथक. ग्रामसेवक संगमेश, ज्यांना गाव भाऊसाहेब म्हणतं, पोलीस पाटील आणि मी. शिट्टी वाजवायची, बाहेर बसलेल्या माणसाला हार घालायचा, फोटो काढून तालुक्याच्या ग्रुपवर टाकायचा. लाज वाटली की माणूस सुधारतो, असं आम्हाला प्रशिक्षणात समजावून सांगितलं होतं. समजावणाऱ्या साहेबांच्या बंगल्यात तीन संडास असतील.

आता सापडायचं कोण? तरणी पोरं मोटारसायकलवर लांब जायची. सरपंचाचा भाऊ स्वतःच्या उसात जायचा, आणि उसात गेलेला माणूस शेत बघायला गेलेला असतो. सापडायच्या त्या म्हाताऱ्या, ज्यांना शिट्टी ऐकून पटकन उठता येत नाही. पंधरा दिवसांत अकरा हार घातले, त्यातले नऊ म्हाताऱ्याकोताऱ्या माणसांना. रोज पहाटे अशा माणसांच्या मागं टॉर्च घेऊन फिरण्याची मला किळस यायची. तरी फिरत होतो.

बाराव्या सुमनबाई. ओढ्याच्या अलीकडं, बाभळीमागं. शिट्टी वाजली तशा त्या उठायला गेल्या आणि गुडघ्यानं दगा दिला. मी पुढं होऊन हात दिला. एका हातानं त्यांना उठवलं आणि दुसऱ्या हातानं फोटो काढला. भाऊसाहेबांनी हार घातला. पाटील हसला. बाईंनी पदर तोंडावर ओढला, तर भाऊसाहेब म्हणाले, "तोंड दिसू द्या मावशी, फोटो वापस येतो नायतर." त्यांनी पदर खाली केला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

ग्रुपवर टाळ्या पडल्या. अंगठे पडले. कुणीतरी गुलाबाची फुलं टाकली. तो फोटो फिरत फिरत नांदेडला गेला आणि दुपारी महामायाचा फोन आला. माझ्याच हाताखाली शिकलेली पोरगी.

"गुरुजी, फोटो कोण काढला?"

मी म्हणालो, "सरकारी काम असतं ग."

"हाव," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या दिवशी मी भाऊसाहेबांकडं गेलो. म्हटलं, बाईंना संडासच मिळालेला नाही, तसं वर लिहून कळवतो. ते चहा पीत होते. "लिहा की," ते म्हणाले. "कागदावर मिळालाय. मिळाला म्हणून सही बाईची हाय. फोटो तुमचा हाय. पयली नोटीस त्यांना, दुसरी तुम्हाला." माझ्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. मी घरी आलो. अर्ज लिहिला नाही.

शिक्षेचा उपयोग होतो का, असं मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, होतो. नुसत्या धमकीनं माझं तोंड बंद झालं. आणि ज्यानं संडासाचेसुद्धा पैसे खाल्ले त्या गुत्तेदाराच्या गळ्यात हार घालायला कोणी पहाटे उठलं नाही. त्याचे सत्कार दिवसाढवळ्या झाले.

सुमनबाई पुन्हा कधी सापडल्या नाहीत. तपासणीला आलेले साहेब हे ऐकून खूश झाले. भाषणात म्हणाले, बघा, एका हारानं केवढा फरक पडतो. गावाला हागणदारीमुक्तीची पाटी मिळाली. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

फरक काय पडला होता ते मला चुलीपाशी दिसत होतं. बाईंनी पाणी सोडलं होतं. उन्हाळ्याचे दिवस, समोर जाळ, शाळेच्या संडासाला पाण्याअभावी कुलूप, आणि ही बाई सकाळपासून घोटभर पाणी पीत नव्हती. स्वतःच्या हातची खिचडीही खात नव्हती. मी तांब्या पुढं केला तर म्हणाल्या, "नको गुरुजी. पेलं की जावं लागतं. अंधार पडूस्तोर कळ काढता येत न्हाई आता." मी तांब्या ठेवून वर्गात गेलो. मला दुसरं काय येतं?

वैशाखात त्या चुलीपाशीच कोसळल्या. अहमदपूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण म्हणाली, मूत्रपिंडाला सूज आहे, पाणी पीत नव्हत्या का?

चार दिवसांनी भेटायला गेलो तर बाई उठून बसलेल्या. तोंडावर तजेला होता. वॉर्डाच्या शेजारीच संडास. "आतून कडी लागती गुरुजी," त्या म्हणाल्या. "सकाळधरनं चार येळा जाऊन आले." बोलता बोलता त्या पेलाभर पाणी गटागटा प्यायल्या. महामाया उशाशी बसून रडत होती. मला बसा म्हणाली नाही, आणि ते बरोबरच होतं.

सहाव्या दिवशी घरी सोडायचं ठरलं. मी रिक्षा घेऊन गेलो. महामाया औषधांच्या चिठ्ठ्या गोळा करत होती. निघण्याआधी नर्स गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन आली. सुमनबाईंनी गोळी तोंडात टाकली, जेमतेम ओठ ओले केले आणि पेला परत दिला.

"सगळं प्या आजी," नर्स म्हणाली.

"आता नको माय," सुमनबाई म्हणाल्या. "घरी जायाचंय."