निवेदिताच्या नावावर चालणारी बस

निवेदिताला ‘नाही’ म्हणता येत नाही. घरच्या सत्यनारायणालाही ती लॅपटॉप पाटाशेजारी ठेवून बसायची आणि गुरुजींना थांबवून चाकणचा फोन घ्यायची. मी शेजारच्या टेबलावरून तिला रोज बोलायचे, ती नुसती हसायची. तिच्या या स्वभावाचा सगळ्या ऑफिसनं फायदा घेतला, मीसुद्धा.

आमचं काम म्हणजे चाकणच्या एका गाड्यांच्या कारखान्याची ‘बस’ सांभाळणं. या बसला चाकं नसतात. कारखान्यातली सॉफ्टवेअर एकमेकांशी थेट बोलत नाहीत, मध्ये निरोप पोचवणारी ही बस लागते. गेटवर सुट्या भागांचा ट्रक आला की ती मालाची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला, म्हणजे मालाच्या सर्व्हिसला, विचारते, हा माल आपलाच ना? होकार आला की गेटपास निघतो.

गेल्या वर्षी निवेदिताच्या नवऱ्याची कोल्हापूरला बदली झाली. लेक मधुवंती त्याच्याबरोबर गेली, कारण हिच्या नोकरीच्या धबडग्यात इथं तिच्याकडे बघणार कोण? तेव्हापासून ही बाई रावेतच्या फ्लॅटमध्ये एकटी. अखेर कोल्हापूरच्या एका कॉलेजात तिला नोकरी मिळाली. सोमवारी हजर व्हायचं होतं, पण आमच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर हातात असेल तरच. तिचं काम माझ्याकडे आलं.

शुक्रवारी दुपारी नियमाप्रमाणे तिचा आयडी बंद झाला. ती लेटरची वाट बघत बसली होती, तेवढ्यात गेटवरच्या कोंडीरामचा फोन आला.

“म्याडम, एक बी पास निघंना. ट्रकची रांग पार नाणेकरवाडीपतुर गेलीया!”

मी सर्व्हर बंद करून चालू केला. सर्व्हिस काढून पुन्हा बसवली. उत्तर एकच, परवानगी नाही. आमचे साहेब, सुरेंद्र, डोक्यावर येऊन उभे राहिले.

“बसला बाजूला ठेव,” निवेदिता म्हणाली. “तुझ्या आयडीनं सर्व्हिसला थेट विचार.”

विचारलं, तर होकार आला. म्हणजे सर्व्हिस ठणठणीत होती. बसच भलत्या नावानं तिच्या दारात जाऊन परत येत होती. निवेदितानं मला बसची सेटिंग उघडायला सांगितली आणि स्क्रीनवर बोट ठेवलं.

तिथं तिचंच नाव होतं, दुपारीच बंद झालेलं. बस सुरू केली तेव्हा तिच्यासाठीचा, कुणा एकाच्या नावाचा नसलेला कॉमन आयडी आलेला नव्हता. सुरेंद्र म्हणाले होते, “तात्पुरता तुझा टाक.” तिनं टाकला. पासवर्ड कधी संपू नये अशी सोयही त्यांनीच करून घेतली, आणि मग सगळे विसरून गेले.

“कॉमन आयडीला परदेशातल्या हेड ऑफिसची मंजुरी लागेल,” आता सुरेंद्र म्हणाले. “तीन-चार महिने धर. तोवर तुझाच आयडी चालू करू.”

“आणि माझं लेटर?”

“आयडी चालू म्हणजे तू कामावर. मग लेटर कसं देणार? अगं, इतकी वर्षं काढलीस!”

जणू काही ती मजेत काढली होती! माझं डोकं फिरलं. तेवढ्यात निवेदिताचा फोन वाजला. मधुवंतीचा आवाज मलाही ऐकू आला, “आई, निघालीस?”

“अजून नाही गं,” निवेदिता म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

सुरेंद्रना एकदम सुचलं, ते माझ्याकडे वळले. “मृदुला, तुझ्या आयडीला परवानगी आहेच की. तो टाक ना.”

“नाही,” निवेदिता ताडकन म्हणाली. “आज मी अडकलेय, उद्या ही अडकेल. तिचा टाकायचा नाही.”

इतक्या वर्षांत तिनं साहेबांना ‘नाही’ म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं तेही माझ्यासाठी. मग मला राहवलं नाही. “मला कुठं जायचंय?” असं म्हणून मी तिचं नाव खोडलं आणि माझं टाकलं.

पास निघायला लागले. लेटर हातात आल्यावर निवेदिता माझ्या गळ्यात पडून रडली आणि कोल्हापूरला निघाली.

“आता तू नोकरी सोडू नकोस हं!” सुरेंद्र म्हणाले. सगळे हसले, मीही हसले.

मला खरंच कुठं जायचं नव्हतं. पिंपळे सौदागरला घर, नवरा, सासूबाई, सगळं इथंच आहे. पण त्या संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडीत बसले आणि गाडी सुरू करायची सोडून नुसती रस्त्याकडे बघत राहिले. कुठंही चालेल, पण निघून जावंसं वाटत होतं.