बालाजीला खाली आणताना

नोव्हेंबरात माझी पोस्टिंग लडाखमधल्या एका तळावर झाली. उंची साडेतेरा हजार फूट. तळावर आम्ही चाळीस जण, त्यात व्हेईकल मेकॅनिक मी एकटा. मी लोहारा तालुक्यातला, तेव्हा हवालदार होतो. आमच्या वर, साडेसोळा हजार फुटांवर एक चौकी होती, तिथं अकरा जण. मधला रस्ता नऊ किलोमीटर. बर्फ पडला की तिथं ट्रक जात नसे. फक्त एटीव्ही जायची. चार रुंद टायरांची, उघडी, छोटी गाडी. तळावर अशा दोन होत्या.

रोज संध्याकाळी सहा वाजता मी रेडिओवर चौकीला गाड्यांचा रिपोर्ट द्यायचो. वर रेडिओ ऑपरेटर होता नाईक बालाजी, आमच्याच जिल्ह्यातल्या तेर गावचा. समोरासमोर आम्ही तीनदाच भेटलो असू. रिपोर्ट हिंदीत संपला की तो हळूच म्हणायचा, "दादा, जेवलाव का? ओव्हर."

"न्हाय अजून. तू? ओव्हर."

"चपात्या हायत, पर चामड्यावानी. आऊट."

रेडिओवर असं बोलायला मनाई होती. सिग्नलचे सुभेदारसाहेब कान दुसरीकडं करायचे. दिवसभरात मी मराठी बोलायचो ते एवढंच. बाकी वेळ शेड, स्टोव्ह आणि गाड्या. कधी कधी पाना हातात घेऊन मी नुसता सहा वाजायची वाट बघायचो.

जानेवारीत एका सकाळी, ७.१० ला, रेडिओवर दुसराच आवाज आला. "बालाजी बीमार है. साँस में घरघर है. ओव्हर."

आमच्या डॉक्टर कॅप्टनसाहेबांनी चार प्रश्न विचारले आणि सांगितलं, फुफ्फुसात पाणी भरतंय, ताबडतोब खाली आणा. दरीत ढग बसले होते. हेलिकॉप्टर येणार नव्हतं. एका एटीव्हीचं इंजिन मीच आदल्या दिवशी खोललं होतं. राहिली एक. ड्रायव्हर तापात होता, म्हणून मी निघालो. सोबत नर्सिंग असिस्टंट थॉमस आणि ऑक्सिजनचे दोन सिलिंडर.

७.३० ला निघालो, ८.४५ ला पोचलो. बालाजीला स्ट्रेचरवर बांधेपर्यंत मी पेट्रोल भरायला टाकीचं झाकण फिरवलं. फस्स करून वाफ तोंडावर आली, पेट्रोलसकट.

इथं थोडं समजावून सांगतो. वर चढताना बाहेरची हवा विरळ होते, टाकीतली वाफ जोर करते. ती बाहेर जायला टाकीला एक बारीक नळी असते, तिला व्हेंट म्हणतात. उतरताना त्याच नळीतून हवा आत येते. नळी मोकळी असेल तर झाकण काढताना असा आवाज होत नाही. हे मी दहा जणांना शिकवलेलं. त्या वेळी मी डोळे पुसले, पेट्रोल भरलं आणि झाकण घट्ट लावलं.

नऊ वाजता उतरायला लागलो. बालाजीचे ओठ निळे पडले होते.

"दादा, तुमीच आलाव व्हय?"

"मीच. बोलू नको."

९.२५ ला इंजिन अडखळलं आणि बंद पडलं. काटा पाऊण टाकी दाखवत होता. स्टार्टर फिरत होता, पण इंजिनपर्यंत पेट्रोल येत नव्हतं. एवढ्या थंडीत पेट्रोलमधलं पाणी फिल्टरमध्ये गोठतं. मला तेच वाटलं. हातमोजे काढून फिल्टर बदलायला बसलो.

"उस्ताद, कितना टाइम?" थॉमसनं विचारलं.

"पाँच मिनट."

थोड्या वेळानं त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा पाच मिनिटंच सांगितली. तळावरून रेडिओ आला, स्ट्रेचर पार्टी पायी निघाली आहे. त्यांना वर यायला तास-सव्वा तास तरी लागणार होता.

बालाजी म्हणाला, "दादा, बोला की काय तरी."

"काय बोलू?"

"काय बी. गावाकडं ढाळे आले असतील आता."

मग मी हरभऱ्याच्या ढाळ्यांबद्दल बोलत राहिलो. शेकोटीत भाजलेले, हात काळे करणारे. लोहाऱ्याच्या बाजारात पेंढ्या कशा लावतात ते सांगितलं. बोटांना पाना जाणवत नव्हता. तो आधी हूं हूं करत होता, मग नुसता ऐकत होता.

नवा फिल्टर बसवला. तरीही पेट्रोल येईना. पेट्रोल खरंच आहे का, म्हणून झाकण फिरवलं. या वेळी टाकीनं हवा आत ओढली. लांब, जोरात. आत दबलेली प्लास्टिकची बाजू टक्कन बाहेर आली. मी वाकून बघितलं. मागच्या चाकानं उडवलेला बर्फ व्हेंटच्या टोकाला बसून दगड झाला होता. चाकूनं नळी त्याच्या वर कापली. पहिल्या स्टार्टरला इंजिन चालू झालं.

९.४९. चोवीस मिनिटं गेली होती.

१०.१२ ला तळावर पोचलो. बालाजी १०.४० ला गेला.

कॅप्टनसाहेब बाहेर आले. मी विचारलं, "सर, चौबीस मिनट पहले लाता तो?"

त्यांनी हातातले ग्लोव्हज काढले. "पता नहीं, हवालदार," म्हणाले.

रिपोर्टमध्ये मी सगळं लिहिलं, वर झाकण काढताना आलेल्या आवाजासकट. चौकशीत कुणावर ठपका आला नाही. दोन्ही गाड्यांची व्हेंटची नळी मी सीटच्या उंचीपर्यंत वर नेऊन बांधली. उतरण्याआधी व्हेंट तपासायचं हे ड्रिलमध्ये आलं. मी होतो तोवर पुन्हा गाडी तशी बंद पडली नाही. सहाचा रिपोर्ट मी देतच राहिलो. नवा ऑपरेटर चांगला होता, कामापुरतं बोलायचा.

मार्चमध्ये सुट्टीवर आलो आणि तेरला गेलो. त्याचे वडील ओसरीवर बसले होते. मी कोण ते सांगितलं. मग चोवीस मिनिटांचं सांगितलं, काही न लपवता. त्याची आई दाराच्या आडून ऐकत होती.

वडिलांनी विचारलं, "लई तरास झाला का त्येला?"

"झाला, बाबा."

"शेवटाला शुद्धीवर व्हता का?"

"उतार संपेपर्यंत व्हता."

ते उठले. मला वाटलं, आता मला जा म्हणतील. त्यांनी आत बघून सांगितलं, "पावण्याला जेवायला वाढ."

मी जेवलो. ताटातलं काही टाकलं नाही.

आता निवृत्त होऊन लोहाऱ्यात राहतो. बायको गेली, मुलगी नांदायला गेली. घरात मी एकटा. दर जानेवारीत एसटीनं धाराशिवला आणि तिथून तेरला जातो. परवा बसमध्ये शेजारच्यानं विचारलं, कुणाकडं निघालाव? सांगितलं. तो म्हणाला, कुठल्या लढाईत गेला? मी म्हणालो, लढाई नव्हती, ड्यूटीवर होता. तो खिडकीबाहेर बघू लागला. मग मीच त्याला सांगितलं: नाईक बालाजी, रेडिओ ऑपरेटर, वय एकोणतीस. चौकीवर अकरा जण होते, खालच्याशी बोलायला फक्त त्याचा रेडिओ. त्या डिसेंबरात आठवडाभर वादळ चाललं, तरी त्यानं एकही रिपोर्ट चुकवला नाही.