दिसून तर राहिलं

नागपूरच्या विमानतळावर आई दारापर्यंत आली, बाबा मात्र पार्किंगमध्येच गाडीला टेकून उभे राहिले. शेवटी मीच परत त्यांच्यापाशी गेले. इतवारीतल्या आमच्या भांड्यांच्या दुकानातून ते सरळ आले होते, शर्टाच्या खिशात शटरची किल्ली तशीच होती. काही सांगायचंय का, असं मी विचारलं. त्यांनी पिशवीतून एक स्टीलचा डबा काढून माझ्या हातात दिला. झाकणावर माझं नाव टाकलेलं होतं, मंजिरी. मग इकडंतिकडं बघत म्हणाले, "दिसून तर राहिलं ना. सांगाचं काय त्यात?"

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. मी बारावीला चांगले मार्क आणले तेव्हा पोरीचं दोन शब्द कौतुक करा म्हणून आई मागं लागली, तर हेच. हुडकेश्वरला आमचं घर बांधून झालं, कसं वाटतंय म्हणून पाहुण्यांनी विचारलं, तर हेच. आनंद, राग, ताप, दुखणं, सगळ्यावर एकच उत्तर. जे दिसतं ते बोलून दाखवणारा माणूस त्यांच्या लेखी जरासा येडपटच.

तुमच्यापैकी जे मागं राहिलात त्यांच्या घरात असा एक माणूस अजूनही असेल. आणि जे माझ्यासारखे निघून आलात, त्यांना फोनवर तो माणूस किती कमी ऐकू येतो ते मी काय सांगू.

मी इंग्लंडमध्ये लीड्सला आले. जुनी घरं विकत घेण्याआधी लोक ती तपासून घेतात. त्या तपासणीचे रिपोर्ट लिहिण्याचं काम मला मिळालं. ओल, भेगा, वाकलेली छपरं. माझी वरिष्ठ हेलन, साठीची, बोलायला मऊ आणि खोडायला कठोर. माझ्या पहिल्याच रिपोर्टमध्ये मी सगळीकडं 'ऑब्व्हियस' लिहिलं होतं, भिंतीला ऑब्व्हियस ओल, छताला ऑब्व्हियस बाक. तिनं एकूण एक खोडले. म्हणाली, ज्याला हे उघड दिसतं त्याला आपला रिपोर्ट लागत नाही, आणि ज्याला दिसत नाही त्याला तू उगाच मूर्ख ठरवतेस.

मग चहा पिता पिता तिनं मला एकेक शब्द समजावला. दारात उभं राहून जे वाटतं ते 'अपॅरंट'. कपाट सरकवलं की ते खोटंही ठरू शकतं. खुणा हाताला लागल्या, पोपडे, कुबट वास, गंजलेला खिळा, आणि त्यांच्यावरून आतलं कळलं की 'एव्हिडंट'. वाद घालायला जागाच उरली नाही की 'क्लिअर'. आणि 'पेटंट' हा वकिलांचा शब्द. साधे डोळे उघडे ठेवून फिरणाऱ्यालाही दिसायला हवा होता असा दोष. तो नाही दिसला तर चूक बघणाऱ्याची. मला गंमत वाटली. आमच्या घरात या सगळ्यांचं काम एका वाक्यावर भागत होतं.

दर दिवाळीला घरून पार्सल यायचं. चिवडा, शंकरपाळे, कळमेश्वरजवळच्या मामाच्या शेतातली तुरीची डाळ, आणि हे सगळं एका नव्या डब्यात. डब्यावर नाव हवंच. आमच्याकडं नाव टाकल्याशिवाय भांडं घराबाहेर जात नाही. लग्नाकार्यात शेकडो भांडी एकत्र घासली जातात, आपलं आपल्याला परत मिळावं म्हणून. लीड्सला माझा डबा कोण नेणार होतं? पण बाबांना तसं सांगून उपयोग नव्हता. त्यांची पद्धतही वेगळी. बाकी सगळे आधी अक्षरं काढतात आणि मग वरून रेघ मारतात. बाबा आधी रेघ मारायचे, नाव कोरायचं मशीन न उचलता, एका दमात सरळ, आणि मग तिला अक्षरं टांगायचे. माझ्या स्वयंपाकघरात असे डबे रांगेनं उभे आहेत.

मागच्या दिवाळीचा डबा आला तो मी ओट्यावर ठेवला, चिवडा खाल्ला, आईला फोन करून छान झालाय म्हटलं. दोन-तीन दिवसांनी डबा पुसताना हात थांबला. यावरची रेघ अक्षरांच्या डोक्यांवरून अडखळत, जोडत जोडत गेली होती. अक्षरं आधी, रेघ नंतर. आणि त्यातलं 'जि' मी ओळखत होते. आईच्या मसाल्याच्या बरण्यांवर, 'जिरे' लिहिलेल्या चिठ्ठीवर, तेच.

मग बाकीचं आठवत गेलं. पूर्वी व्हिडिओ कॉलवर फोन बाबा धरायचे, तेव्हा मला त्यांचं कपाळ आणि वरचा पंखाच दिसायचा. आता काही महिने पूर्ण चेहरा, अगदी स्थिर, छातीपर्यंत. बाबांना फोन धरायला जमायला लागलं म्हणून मी खूष होते. त्यांचे हात मला किती दिवसांत दिसले नव्हते, ते आत्ता लक्षात आलं. लेकीला 'पेटंट' लागू होतं का, हे मी हेलनला विचारलं नाही.

आईला फोन लावला आणि थेट विचारलं, नाव तू टाकलंस का. ती म्हणाली, "चांगलं नाही आलं का वं?"

मग तिनं सांगितलं. उन्हाळ्यापासून बाबांचा उजवा हात थरथरत होता. डॉक्टर झाले, गोळ्या सुरू झाल्या, जिवाला धोका नाही, पण हात पहिल्यासारखा व्हायचा नाही. मला का नाही सांगितलं, म्हणून मी चिडले. ती शांतपणे म्हणाली, "बाबा म्हणे, दिसन तिले तर दिसन, सांगाचं काहून. मी म्हटलं, दिसू तरी काहून द्याचं? तिथं एकटी बसून रडत राहिली असती तू."

मी रजा टाकली आणि गेले. विमानतळावरून घरी बॅग ठेवून थेट दुकानात. हातगाड्या, टेम्पो, पितळेचा आणि गोणपाटाचा वास, सगळं जिथल्या तिथं. बाबा गल्ल्यावर. आणि त्यांच्या शेजारी, चष्मा नाकावर घेऊन, आई एका परातीवर नाव टाकत होती. जन्मात कधी दुकानात न बसलेली आई. समोरचा कापडवाला जाता जाता विचारून गेला, गोळी घेतली का. चहावाल्यानं बाबांचा ग्लास न सांगता अर्धाच भरला, सांडू नये म्हणून. गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. इथं ते खरोखरच ऑब्व्हियस होतं, रिपोर्टची कुणाला गरज नव्हती. गरज फक्त मला होती, आणि मला फार वाईट वाटलं.

गिऱ्हाईक गेल्यावर मी बाबांचा तो हात धरला. हातात घेतल्यावरही तो थांबत नव्हता. म्हटलं, "बाबा, तिकडून दिसत नाही. मले सांगाच लागते."

ते म्हणाले, "मले वाटे, तुले सारं दिसते."

या वेळी निघताना ते पार्किंगमध्ये थांबले नाहीत. दारापर्यंत आले. आईकडं, मग काचेकडं बघत म्हणाले, "तू गेली की मले करमत नाही वं, मंजू." हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण पुढं तपासणीच्या रांगेत मी लोकांदेखत रडले.

आता घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, जिथं अर्धा ग्लास न सांगता भरला जातो ते घर. तिथून उठून आलेल्यांना ते सुख परत मिळत नाही. आपल्याला खुणा गोळा कराव्या लागतात, किंवा मग कुणाला तरी बोलायला शिकावं लागतं. बाबा या वयात शिकले. दर रविवारी फोन करतात, पुन्हा त्यांचं कपाळ आणि पंखा दिसतो, चित्र हलत असतं. आज भाजी सांडली, आज सही जमली नाही, आज बरं वाटून राहिलं, सगळं सांगतात. कधी कधी इतकं सांगतात की मीच म्हणते, बाबा, दिसून तर राहिलं.

या दिवाळीचा डबा अजून वाटेत आहे. तो पोचायच्या आधी, रविवार नसताना, त्यांचा फोन आला. आवाज जरा अवघडलेला होता.

"अक्षरं तुझ्या आईची आहेत. रेघ मी मारली. वाकडी आली वं. आधीच सांगून ठेवतो."