मानकऱ्याविना फुटलेला पोळा

समुद्रपूरच्या महिला होमगार्ड तुकडीत मी नऊ वर्षं होते. परेडला माझा आवाज निघत नसे. आमच्या सेक्शन लीडर कौसल्याबाई म्हणायच्या, "हजर तरी मोठ्यानं म्हणत जाय, बाई. तू तं शिटीबी लाजून वाजवतं."

सन ऐंशीनंतरची गोष्ट. पोळ्याच्या बंदोबस्ताला आमची ड्यूटी वणा नदीच्या काठच्या एका गावात लागली. दुपारी तीनला फॉल-इन. आठ जणी, प्लाटून कमांडर, जीप आणि वायरलेस सेट.

आखरावर, म्हणजे गावाबाहेर गुरं जमतात त्या मोकळ्या जागेत, दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण होतं. त्याखाली गावच्या साऱ्या बैलजोड्या उभ्या होत्या. पुरुष झडत्या देत होते. झडती म्हणजे यमक जुळवून ओरडून म्हटलेल्या ओळी, देवाच्या किंवा टोमण्याच्या. एक जण ओरडला,

"सरपंचाची जोडी लई खाते ढेप,
वखराले जुंपली का घेते झोप!"

सरपंचही हसले. झडत्या संपल्या की मानकरी तोरण तोडतो. त्याला पोळा फुटणं म्हणतात. तोवर एकही बैल हलत नाही. बायका तोरणाजवळ जात नाहीत.

चार वीसला वायरलेस वाजला. "वरच्या अंगाला फार पाऊस. वणा चढते आहे. आखर रिकामं करा. ओव्हर."

कमांडर साहेब साताऱ्याकडचे. त्यांनी शिटी दिली. "बैल हलवा!"

कोणी हललं नाही. एक म्हातारा पुढे आला. "पोळा फुटला नाई, साहेब. मानकरी मारोतराव नाल्यापल्याड अडकले."

"पाणी येतंय, कळतं का?"

"कळते. पन फुटल्याबिगर कसं न्यावं?"

कौसल्याबाईंनी दोर उचलला. "साहेब, हे आयकनार नाई. मी मारोतरावाले घेऊन येते." दोघी जणींना घेऊन त्या निघाल्या. चार पंचवीस झाले होते.

मला एक गोष्ट ठाऊक होती. माझे वडील अल्लीपूरचे, झडत्या देणारे. त्यांच्या गावात एकदा मानकरी आजारी होता. वडिलांनी त्याच्या नावानं झडती दिली, दुसऱ्यानं तोरण तोडलं. कोणी हरकत घेतली नाही. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. समोर सारे पुरुष होते. मी जागेवर उभी राहिले.

चार चाळीसला कडेच्या बैलांच्या खुरांना पाणी लागलं. मी तोरणाखाली गेले.

"अवो बाई, तुमी काऊन आल्या इथं?" झडत्या देणाऱ्यांपैकी एकानं अडवलं.

मी डोळे मिटले आणि ओरडले,

"मारोतरावाच्या नावानं देते मी झडती,
वणामाय आली, बैलं कायले अडती?
तुटू दे तोरण, सुटू दे पाय,
गोठ्यात बैलाची वाट पाह्यते गाय!"

मग म्हातारा ओरडला, "हर बोला!" सारं आखर म्हणालं, "हर हर महादेव!"

"पोरीनं झडती देल्ली. आता कोनाची वाट पाहता?" त्यानं काठीनं तोरण तोडलं.

पाच वाजता आखर रिकामं झालं. पाच दहाला तिथं कमरेएवढं पाणी होतं. आखरावरचा माणूस गेला नाही, ढोर गेलं नाही.

मी नाल्याकडे धावले. मारोतराव काठावर थरथरत बसले होते. दोर त्यांच्या कमरेला होता. दोघी जणी दोराचं टोक धरून रडत होत्या.

"लोंढा आला," मारोतराव म्हणाले. "बाईनं सोताचा दोर सोडून मले बांधला."

कौसल्याबाई दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्याच्या खालच्या अंगाला बाभळीत अडकलेल्या सापडल्या. शिटी गळ्यातच होती.

त्या निघाल्यापासून मी तोंड उघडेपर्यंत पंधरा मिनिटं गेली. आधी बोलले असते, तर त्यांना नाल्यात उतरावं लागलं नसतं. साहेबांनी रिपोर्टात माझं कौतुक लिहिलं. ही पंधरा मिनिटं त्यात नाहीत, म्हणून इथे लिहिते.

पुढच्या पोळ्याला त्याच गावची ड्यूटी मागून घेतली. झडत्या सुरू व्हायच्या आधी मारोतराव तोरणाखाली आले. माझ्याकडे पाहून म्हणाले, "पयली झडती कौसल्याबाईच्या नावानं. कोन देते?"

त्या वेळी मी एक मिनिटही लावलं नाही.